मावशीचे पाय, माझी चप्पल आणि एक तपकिरी टब

प्रकरण थोडक्यात सांगतो. पेशंट म्हणजे माझी मावशी, साठीच्या आसपास, गुडघे दुखतात, लवकर थकते, थायरॉईडची गोळी बरीच वर्षं चालू. उपचार म्हणजे डिटॉक्स फूट बाथ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून अर्धा तास बसायचं, पाण्यात चिमूट-दोन चिमूट मीठ आणि एक धातूची कॉइल, कॉइल वायरने मशीनला जोडलेली. मशीन चालू केलं की पाणी हळूहळू पिवळं, मग केशरी, मग चक्क तपकिरी होतं, वर फेस येतो, तळाशी काळे कण बसतात. आणि सांगतात असं की हे सगळं तुमच्या अंगात वर्षानुवर्षं साठलेलं विष, तळपायावाटे बाहेर पडलं.

मावशी पहिल्याच सेशनला गार झाली. त्यानंतर दर वेळी टबाचा फोटो फॅमिली ग्रुपवर, सकाळी सकाळी, खाली कॅप्शन "आज लिव्हर मोकळं झालं 🙏". अर्धं घर विचारतंय कुठे मिळतं हे, उरलेलं अर्धं मला पर्सनलवर सांगतंय की तू बोल तिला काहीतरी. कारण घरात शंकासुर म्हणून माझं नाव आधीपासून पक्कं आहे. असल्या गोष्टी नुसत्या नावं ठेवण्यापेक्षा स्वतः करून बघायची मला जुनी खोड आहे, कानात मेणबत्ती लावून मळ काढतात तेही करून झालंय (मेणबत्तीच्या बुडात जो "मळ" निघतो तो कान नसतानाही निघतो, कारण ते मेणबत्तीचंच मेण असतं. 1996 सालच्या एका अभ्यासात तर मोजून बघितलंय, मेणबत्तीने कानात ओढ वगैरे काही तयार होत नाही). तर मावशीने सरळ आव्हानच दिलं, "बोलू नकोस, ये आणि बघ. मी डोळ्यांनी बघितलंय."

जायच्या आधी मात्र एक काम केलं आणि या सगळ्या प्रकरणात तेच सगळ्यात कामाला आलं. एका कागदावर दोन रकाने पाडले. पाण्यात खरंच अंगातलं विष येत असेल तर काय काय दिसायला हवं: माणसागणिक रंग वेगळा, पाय नसतील तर पाणी स्वच्छ, सेशन वाढत जातील तसा रंग फिका. आणि तो नुसता कॉइलचा गंज असेल तर काय दिसेल: सगळ्यांचा रंग सारखाच, पाय नसले तरी तोच, मीठ वाढवलं की रंग वाढला आणि कॉइल झिजत गेली. हे आधी लिहून ठेवायचं कारण असं की एकदा ते पाणी समोर आलं की डोकं चालत नाही, फक्त "ई" निघतं तोंडातून.

खुर्ची, चार्ट आणि "येऊ दे"

तिथल्या मॅडम खरंच गोड बाई होत्या, हे आधीच सांगतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरंच येणार आहे. मावशीने आत शिरता शिरताच जाहीर केलं, "हा माझा भाचा, याचा कशावर विश्वास नाही." मॅडम हसल्या, म्हणाल्या, "येऊ दे काकू, पाणी बघितलं की बसतो सगळ्यांचा."

मग फॉर्म. झोप नीट लागते का, सकाळी उठल्यावर थकवा जाणवतो का, कधी कधी डोकं जड होतं का, पोट साफ होतं का, चिडचिड होते का. आता या प्रश्नांना सगळीकडे "नाही" लिहिणारा मोठा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. मी प्रामाणिकपणे भरलं आणि माझ्या अंगात विष आहे हे टबात पाय टाकायच्या आधीच ठरलं.

भिंतीवर रंगांचा चार्ट. पिवळसर हिरवा म्हणजे किडनी आणि मूत्रमार्ग. केशरी म्हणजे सांधे. गडद हिरवा पित्ताशय. तपकिरी लिव्हर आणि तंबाखू. पांढरा फेस लिम्फ. काळे कण जड धातू. लाल कण म्हणजे रक्ताच्या गाठी. तळपायातून रक्ताच्या गाठी निघतायत म्हटल्यावर खरंतर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला पाहिजे, पण खोलीत सगळे खुशीत होते.

मावशी आणि मी शेजारी शेजारी बसलो, दोन टब, दोन मशीन. आधी कॉइलभोवती बारीक बारीक बुडबुडे, सोड्यासारखे. मग कॉइलच्या खालून एक हिरवट-पिवळी रेघ निघाली आणि पाण्यात धूर पसरावा तशी पसरायला लागली. मॅडम म्हणाल्या, बघा किडनी सुरू झाली. मग केशरी, "सांधे". मग तपकिरी. एक गोष्ट मला तिथेच खटकली, की रेघ कॉइलपासून पायाकडे येत होती, पायाकडून कॉइलकडे जात नव्हती. माझा घोटा कॉइलपासून लांब होता आणि घोट्याजवळचं पाणी बराच वेळ बऱ्यापैकी स्वच्छ. मी हे बोललो तर मॅडम म्हणाल्या, "मशीन ओढून घेतं ना आयनने, म्हणून तिथे जमा होतं." बरं.

थोड्या वेळाने स्विमिंग पूलसारखा वास यायला लागला. मॅडमनी विचारलं तुम्ही पोहायला जाता का. मी म्हटलं लहानपणी जायचो. "बघा, तेव्हापासूनचं क्लोरीन आहे." मावशीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू माझा खटला तिथेच निकालात निघाला.

शेवटी दोन्ही टब सारखेच. किडनी, सांधे, लिव्हर, त्याच क्रमाने, जवळपास त्याच मिनिटाला. मावशी साठीची, मी तिच्या निम्म्या वयाच्या जरासा पुढे, तिला गुडघेदुखी, मला काही नाही, तंबाखूला दोघांनीही जन्मात हात लावलेला नाही. तंबाखूचं विचारल्यावर उत्तर आलं, आजूबाजूच्यांचा धूर. निघताना मॅडमना विनंती केली की एकदा पाय न टाकता मशीन चालवून दाखवाल का. त्या पहिल्यांदाच जरा गडबडल्या, "तसं नाही चालवत, खराब होतं मशीन."

पाण्यात खरं काय होतं

हा भाग शाळेतल्या केमिस्ट्रीचाच आहे. मीठ घातलं की पाण्यातून करंट नीट वाहतो. कॉइलचे दोन भाग असतात, एक प्लसला, एक मायनसला. मायनसकडे पाणी फुटून हायड्रोजन निघतो, ते बुडबुडे. प्लसकडे कॉइलमधलं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं. हे लोखंड आधी हिरवट दिसतं, मग पाण्यातल्या ऑक्सिजनने पिवळं-केशरी होत जातं आणि शेवटी गंजाचा तपकिरी गाळ. म्हणजे चार्टवरचा "किडनी, सांधे, लिव्हर" हा क्रम शरीराचा नाहीच, लोखंड गंजण्याचा आहे, म्हणून तर तो सगळ्यांचा सारखा. मिठातल्या क्लोराईडचं थोडं क्लोरीन होतं, तो माझ्या बालपणीचा स्विमिंग पूल. फेस म्हणजे बुडबुडे, अधिक पायावरचा साबण, तेल, मेलेली कातडी. कॉइल स्टेनलेस स्टीलची असेल तर त्यातलं निकेल आणि क्रोमियमही पाण्यात उतरतं, त्यामुळे "पाण्यात जड धातू आहेत" हे वाक्य खोटं म्हणता येत नाही. आहेत, फक्त प्रवासाची दिशा उलटी आहे.

आता किती लोखंड? हे मोजायची रीत फॅरडेने 1830 च्या दशकातच देऊन ठेवलीय, किती करंट किती वेळ वाहिला यावरून किती धातू विरघळला ते निघतं. माझ्यासमोरच्या डिस्प्लेवर आकडा 1 अँपियरच्या आसपास होता. 1 अँपियर, 30 मिनिटं, गणित केलं की सुमारे अर्धा ग्रॅम लोखंड. टबात 10 लिटर पाणी धरा, तर लिटरमागे 50 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमच्या वर लोखंड गेलं की धुतलेल्या कपड्यांवर डाग पडायला लागतात. इथे त्याच्या दीडशेपटीहून जास्त. पाणी तपकिरी झालं नसतं तर उलट चौकशी करावी लागली असती.

आणि हे काही मी एकट्याने शोधून काढलेलं नाही. बेन गोल्डेकर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने 2004 सालीच घरी मिठाच्या पाण्यात खिळे, बॅटरी चार्जर आणि एक बार्बी बाहुली घेऊन हे केलं होतं, बाहुलीचंही पाणी तपकिरी. शिवाय त्याने एका खऱ्या सेशनचं पाणी लॅबला दिलं तर त्यात लोखंड लिटरमागे 0.54 वरून 23.6 मिलिग्रॅमवर गेलेलं, आणि शरीर खरोखर जे बाहेर टाकतं ते युरिया, क्रिएटिनिन मात्र सापडलं नाही. 2012 मध्ये जर्नल ऑफ एन्व्हायर्नमेंटल अँड पब्लिक हेल्थ मध्ये एक अभ्यास आला, त्यात पाय टाकून आणि न टाकता अशी दोन्ही पाणी तपासली, वर त्या लोकांची लघवी आणि केससुद्धा तपासले, तर पाय, लघवी, केस, कुठूनच विषारी धातू बाहेर पडायला मदत होते असं काही दिसलं नाही.

रिकामा टब आणि चपलेचं पित्ताशय

ओळखीतल्या एकाकडे असंच मशीन कपाटावर धूळ खात पडलेलं होतं, हौसेने घेतलेलं, नंतर विसरलेलं. ते आणलं. पाणी, मीठ, वेळ सगळं तिथल्यासारखं. पाय नाहीत.

हिरवट, पिवळं, केशरी, तपकिरी. फेस मात्र कमी आला, पायाला साबण नव्हता ना. मग पाण्याची पातळी आणि काहीतरी वस्तू आत असण्याचा फरक पडतो का बघायला माझी जुनी रबरी चप्पल बुडवून ठेवली. चार्टप्रमाणे चपलेची किडनी बरी आहे, पण सांध्यांचा त्रास आहे, पित्ताशयाकडे लक्ष द्यायला हवं आणि लिव्हर खराबच म्हणायचं. वय बघता ठीक.

खरी मजा मिठात निघाली. अजिबात मीठ घातलं नाही तर डिस्प्लेवरचा आकडा वर जाईना आणि पाणी शेवटपर्यंत जेमतेम पिवळसर. मीठ दुप्पट केलं तर थोड्याच वेळात गडद तपकिरी. म्हणजे कुणाला किती आजारी दाखवायचं आणि सेशन वाढतील तसं त्याला किती "साफ" करत न्यायचं, हे सगळं मिठाच्या डब्यावर आहे. मॅडम मुद्दाम असं करत असतील असं मला वाटत नाही, चिमूट कधी मोठी कधी छोटी पडते इतकंच, पण मावशीचा एक फोटो फिका आला होता आणि त्याच्या खाली "फरक दिसतोय!!" असं लिहिलेलं, ते मला आठवलं.

तिथून येताना मी माझ्या टबातलं पाणी बाटलीत भरून आणलं होतं (मॅडमना वाटलं आठवण म्हणून). शेजारी रिकाम्या टबाची बाटली आणि चपलेची बाटली. रात्रभर ठेवल्या, तर तिन्हीत तोच तपकिरी लगदा खाली बसलेला आणि वर नितळ पाणी. फरशीवरचे गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर मिळते, ती ग्लोव्हज घालून तिन्हीत टाकली, ढवळलं, तर तिन्ही लगदे विरघळून फिकट पिवळसर पाणी उरलं. तीस वर्षांचं साठलेलं विष आणि गंजाच्या डागाचं औषध त्यावर बरोबर चालतं! 

कॉइलही वजन करून बघितली होती, छोट्या डिजिटल काट्यावर, आधी आणि नंतर पुसून वाळवून. कमी भरली. मॅन्युअलमध्येच लिहिलंय की कॉइल ठरावीक वापरानंतर बदला. जे झिजतंय ते मॅन्युअललाच माहीत आहे म्हणजे.

"पण माझे पाय हलके होतात त्याचं काय?"

हे सगळे फोटो, बाटल्या घेऊन मावशीकडे गेलो. तिने शांतपणे बघितलं, चपलेवर हसली, आणि म्हणाली, "ते सगळं खरं असेल रे, पण माझे पाय हलके होतात त्याचं काय?" हा प्रश्न मला चार्टपेक्षा कितीतरी जास्त आवडला, कारण तो खरा आहे. पाण्याचा रंग कशाने आला हे सांगून पायाला बरं का वाटलं याचं उत्तर मिळत नाही.

1799 साली इंग्लंडमध्ये बाथ गावात जॉन हेगार्थ नावाच्या डॉक्टरने याच प्रश्नाला हात घातला होता. तेव्हा पर्किन्स ट्रॅक्टर नावाच्या धातूच्या टोकदार कांड्यांची फॅशन होती, त्या दुखऱ्या जागेवरून फिरवल्या की दुखणं निघून जातं म्हणायचे. हेगार्थने लाकडाच्या कांड्या करून धातूसारख्या रंगवल्या आणि संधिवाताच्या पाच पेशंटवर फिरवल्या. चौघांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या फिरवल्या, जवळपास तेच.

मावशीला हा किस्सा सांगितला तर ती म्हणाली, "मग माझ्यावर कर, मला कळेल." केलं. कोमट मीठपाणी, टबावर जाड टॉवेल, मशीन पडद्यामागे, डिस्प्ले झाकलेला. मशीन चालू करायचं की बंद ठेवायचं हे माझा चुलतभाऊ आतल्या खोलीत नाणं उडवून ठरवणार, मला सांगणार नाही, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरूनही मावशीला काही कळायला नको. अर्ध्या तासाने मावशीने दोन गोष्टी सांगायच्या: पाय हलके झाले का, आणि मशीन चालू होतं का बंद. काही दिवस हा कार्यक्रम चालला, घरच्यांनी यथेच्छ टिंगल केली.

पाय जवळपास दरवेळी हलके झाले. मशीन चालू का बंद हा अंदाज मात्र नाण्यापेक्षा बरा आला नाही. आता एकच माणूस, थोडेसेच प्रयोग, बुडबुडे पायाला जाणवू शकतात, त्यामुळे याला कुणी संशोधन म्हणू नये. पण मावशीला पटायला तेवढं बास होतं, कारण नियम तिने स्वतः मान्य केले होते. बंद मशीनवर एकदा तर ती म्हणाली होती, आज फार जोरात ओढतंय.

आणि मग गोळीचं कळलं

इथपर्यंत हे सगळं मजेचं होतं. अशाच एका बैठकीत पाय टबात, मावशी गप्पांच्या ओघात सहज बोलून गेली की थायरॉईडची गोळी तिने "हळूहळू सोडलीय". हळूहळू म्हणजे काय तर पहिल्या काही सेशननंतर बंदच. मी विचारलं कुणी सांगितलं, तर म्हणे कुणी नाही, मॅडम फक्त म्हणाल्या होत्या की विष कमी झालं की बऱ्याच जणांच्या गोळ्या सुटतात. आणि पाणी तर दिसतच होतं, मग गोळी कशाला.

गंमत (वाईट अर्थाने) अशी की गोळी सोडल्यावर तिला लगेच काहीच झालं नाही. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे त्या गोळीतलं थायरॉईडचं औषध, शरीरात निवांत टिकतं, त्यातलं निम्मं कमी व्हायलाच साधारण 7 दिवस लागतात, आणि त्याचा अभाव जाणवायला तर आणखी वेळ. म्हणजे गोळी बंद करून ती बरे दिवस ठीकठाक फिरत होती, आणि त्याचं सगळं श्रेय टबाला. मग थकवा वाढला, थंडी वाजायला लागली, पोट साफ होईना, केस गळायला लागले. कुणीही म्हणेल की आता तरी शंका येईल. पण त्यालाही उत्तर तयार होतं, "हीलिंग क्रायसिस". म्हणजे विष ढवळून वर येतंय, म्हणून आधी त्रास वाढतो, सेशन वाढवा. बरं वाटलं तर टबामुळे, त्रास झाला तरी टब काम करतोय, आणि काहीच झालं नाही तर विष खोलवर आहे. यात हरायला जागाच ठेवलेली नाही. रंगीत पाण्यापेक्षा मला हे वाक्य जास्त घातक वाटतं, पाण्याला निदान बाटलीत भरून तपासता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरांकडे. टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढतं ते हार्मोन) बरंच वर गेलेलं. डॉक्टर ओरडले नाहीत, त्यांनी फक्त गोळी पुन्हा सुरू करून दिली आणि सहा आठवड्यांनी परत तपासू म्हणाले. गुडघ्यांचं वेगळं, ती झीज आहे, त्याचा थायरॉईडशीही संबंध नाही आणि टबाशी तर नाहीच. अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती इथे लिहून ठेवतो: डायबेटिसने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालीय त्यांनी कोमट पाणी म्हणून भलतं गरम पाणी घेतलं तर भाजतं आणि कळतही नाही. पेसमेकरवाल्यांनी हे मशीन वापरू नये हे तर मॅन्युअलमध्येच असतं, पण मॅन्युअल कपाटात असतं आणि चार्ट भिंतीवर.

परत मॅडमकडे

मॅडमना भेटायला एकटाच गेलो, भांडायला नाही, गोळीचं सांगायला आणि खरंतर बाटल्या दाखवायला. गोळीचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला, "मी बंद करा असं कधीच सांगत नाही हो." ते खरं असावं. त्यांनी फक्त आशा दाखवली, बाकीचं मावशीने स्वतः पूर्ण केलं.

मग रिकाम्या टबाचा फोटो. त्यांचं पहिलं उत्तर: ते मशीन डुप्लिकेट असणार. मी म्हटलं तुमच्या मशीनवर करू, मी कॉइलचा खर्च देतो. दुसरं उत्तर: खोलीतली नकारात्मक ऊर्जाही पाणी ओढतं, म्हणून रिकामं चालवलं तरी रंग येतो. चपलेबद्दल: तुम्ही घातलेली ना, तुमचंच आहे त्यात. कॉइल झिजते त्याबद्दल: विषामुळेच तर खाल्ली जाते ती. आणि शेवटी जरा थकून, "रंग महत्त्वाचा नाहीच हो सर, थोडाफार तर कॉइलचा असतोच, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. खरं काम आत होतं, आयनचा बॅलन्स होतो, ते दिसत नाही."

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त रस वाटला तो या उतरंडीत. विकताना रंग दाखवतात, कारण तो दिसतो. रंगावर बोट ठेवलं की रंग सोडून देतात आणि जे दिसत नाही तिथे जाऊन बसतात. आणि दुसऱ्या दिवशी नवीन माणूस आला की भिंतीवरचा चार्ट तिथेच असतो. यात मॅडम खोटं बोलतायत असं मला खरंच वाटत नाही, त्या स्वतः दर आठवड्याला पाय टाकून बसतात, त्यांच्या आईलाही बसवतात. ज्यांनी त्यांना ट्रेनिंग दिलं, "थोडाफार कॉइलचा" हे माहीत असून चार्ट छापून दिला, त्यांच्याबद्दल मात्र मी इतका मऊ होणार नाही.

निघताना एकच विचारलं, उपहासाने नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून. ज्याच्या अंगात काहीच विष नाही असा एखादा ठणठणीत माणूस आला तर त्याचं पाणी कसं दिसेल? त्यांनी खरंच विचार केला. चार्टकडे बघितलं. म्हणाल्या, "स्वच्छच राहील ना." मग थोडं थांबून, "पण असा कुणी आलेला नाही अजून."

सध्याची स्थिती

गोळी चालू आहे, सहा आठवड्यांनी टीएसएच खाली आलं, थकवा बराच कमी. मावशीने मॅडमकडे जाणं बंद केलंय पण त्यांच्याबद्दल वाईट बोललेलं तिला चालत नाही, "बाई चांगली आहे, माझं सगळं ऐकून घ्यायची." घरी संध्याकाळी कोमट पाण्यात पाय टाकून बसते, मशीनशिवाय, आणि पाय हलके होतात. होऊ देत, त्याला माझी काही हरकत नाही.

गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत, पाय सरळ करून धरायचा, सोडायचा, असे. त्याने गुडघेदुखीला फायदा होतो हे चांगलं तपासलेलं आहे आणि हे मी तिला परत परत सांगतो. करते, पण कुरकुरत. परवा म्हणाली, "तुझ्या त्या व्यायामात मजा नाही रे, त्यात काही निघताना दिसत नाही."